बावखलाकाठची राजेळी

दसरा उलटला की वसईतलं ऊन बदलतं. पावसाळाभर ओलसर आणि मळकट असलेलं ते एकदम कोरडं होतं, आणि वाड्यांमधून बांबूचे मांडव उभे राहतात. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर पसरायची, संध्याकाळी गोळा करून सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभर हे चाललं की केळं आक्रसतं, तांबूस होतं, चिकट गोड होतं आणि त्याचं सुकेळं बनतं. हल्ली मांडव कमी झालेत. पण होळी गावाच्या बाजूला एखादी वाडी अजून तग धरून असते. रिक्षातून जाताना तो वास आला की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, मला मात्र बर्फाची थर्माकोलची पेटी आठवते. आता याला काय करणार, ज्याचं त्याचं नशीब.

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं असतील. आम्ही वसईतच माणिकपूरला राहत होतो, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एम.एस्सी. करून मी विद्यापीठात एका सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. सरांना दिल्लीहून तीन वर्षांचं अनुदान मिळालं होतं आणि विषय होता वसईची राजेळी. त्या काळात वाड्यांमध्ये एक रोग फिरत होता. पानं नीट उघडायच्या ऐवजी शेंड्याला गुच्छासारखी गोळा व्हायची, झाड खुजं राहायचं आणि घड काही धरायचा नाही. सरांचा प्रश्न सरळ होता. वसईतली राजेळी सगळीकडे एकच आहे, की तिच्यात काही वेगळे प्रकार लपलेत? आणि असले, तर त्यातला एखादा या रोगापुढे टिकतो का? तसा सापडला असता तर त्याची रोपं करून सगळ्या वाड्यांना देता आली असती. एवढ्या मोठ्या कामातलं माझं काम म्हणजे पानं गोळा करणं. मुलगी काय करते असं कोणी विचारलं, तर आई "युनिव्हर्सिटीत असते" म्हणून विषय बदलायची.

केळीला रुजणारं बी नसतं हे मी पुस्तकात शिकले होते, पण त्याचा अर्थ मला वाड्यांमध्ये कळला. केळ बुंध्याशी मुनवे सोडते, ते खणून दुसरीकडे लावायचे, की नवी केळ. म्हणजे प्रत्येक केळ कोणीतरी कोणालातरी दिलेली असते. "ही आमच्या आत्याने दिलेली," "ही माझ्या भैनीच्या सासरची," असं प्रत्येक खुंटाचं माहेर बायकांना पाठ असायचं. रोगही याच वाटेने चालला होता, प्रेमाने दिलेल्या मुनव्यांतून. देणारीला ते ठाऊक नसायचं, घेणारीलाही नसायचं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे लिहून ठेव. असलं काही मशीन सांगत नाही." मी लिहून ठेवलं. त्या दिवसांत मी सगळंच लिहून ठेवत असे, आणि माझ्या वहीचा मला भारी अभिमान होता.

मशीन होतं विद्यापीठाच्या जीनोमिक्स केंद्रात. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. आत एसीचा गारठा, आणि खुर्चीवर शाल पांघरून बसलेल्या कर्णिक मॅडम. केंद्र त्यांच्या शिस्तीवर चालायचं. नमुने फक्त मंगळवारी घेणार, प्रत्येक नमुन्यावर प्रोजेक्टचा नंबर आणि सरांची सही हवी, नाहीतर आल्या पावली परत. "माझ्याकडे ओळखदेख चालत नाही, सही चालते," हे त्या महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. पानातून काढलेला डीएनए आम्ही शहाण्णव खळग्यांच्या एका प्लेटमध्ये थेंब थेंब भरून द्यायचो. मशीन त्याच्या ठरावीक जागा मोजून कागदावर बारीक बारीक शिखरं काढायचं. दोन झाडांची शिखरं जुळली की झाड एकच, नाही जुळली तर वेगळं. इतकं साधं होतं ते. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

दसऱ्यानंतर मी एकेक वाडी फिरू लागले. गळ्यात पिशवी, हातात बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी. वसईत अशी पेटी घेऊन हिंडणाऱ्या बाईला लोक एकच गोष्ट विचारतात. आमचा वॉचमन दर वेळी विचारायचा, "ताई, आज पापलेट का?" रिक्षावाले मला मागे बसवायच्या आधी बजावायचे की मच्छीचं पानी सीटवर सांडू नका. केळीचं पान आहे म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नसे. पान बर्फात कोण ठेवतं? खरं तर त्यांचंच बरोबर होतं.

प्रत्येक नमुन्याचा एक छापील कागद असायचा. गाव, वाडी, खुंट कुठला, झाड निरोगी की रोगट, कितवं पान. आणि सगळ्यात खाली, नमुना स्वतः कापणाऱ्याची सही. या शेवटच्या रकान्याबद्दल सर फार कडक होते. पान दुसऱ्याने आणून दिलं तर तो नमुना धरायचा नाही, मग तो देणारा कितीही भला असो.

नलूकाकींची वाडी होळी गावात होती. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, सतत काहीतरी करत असलेल्या. वाडीत भाजीचे वाफे, थोडा पानवेल, आणि मागच्या बाजूला बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं छोटं तळं. त्या बावखलाच्या काठावर राजेळीचा एक खुंट होता, एकाच मुळातून फुटलेल्या चार-पाच केळींचा. चारी बाजूंच्या केळी रोगाने खुजट होत चाललेल्या, आणि हा खुंट मात्र उंच, रुंद पानांचा, वर्षानुवर्षं घड देणारा. आसपासच्या तीन वाड्यांत मला त्याच्याबद्दल सांगितलं गेलं होतं. माझ्या यादीत त्या नोंदीसमोर मी लाल पेनने खूण केली होती.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या तीन वाड्या झाल्या होत्या आणि ऊन डोक्यावर आलं होतं. मी काकींना सांगितलं, बावखलाकाठच्या केळीची शेंड्याची कोवळी सुरळी, म्हणजे न उघडलेलं पान हवं, मी कापून घेते. काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला ओट्यावर बसवलं. "घामाने निथळतेस. बस जरा. च्या घे. पान मी आनते." मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तिकडे चिखल आहे, तुज्या सँडलची वाट लागंल." समोर चहा आला, बशीत दोन बिस्किटं आली. मी बसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं बसायला. दहा मिनिटांनी काकी कोवळी सुरळी घेऊन आल्या. मी तुकडे करून पुडीत घातले, पुडी बर्फात ठेवली आणि कागद भरायला घेतला. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवतेस?"

"पान कोणी कापलं ते."

"मग माझं नाव लिव की," असं म्हणून त्या हसल्या.

मीही हसले, आणि माझी सही केली. एवढ्या तेवढ्याने काय बिघडतं, असं वाटलं होतं. पान तेच, झाड तेच, कोयता फक्त दुसऱ्या हातातला.

त्यानंतर तो सगळा हिवाळा मी होळीला जात राहिले. सगळ्याच भेटींना काम असायचं असं नाही. काकींनी मला केळी सोलायला शिकवलं, साल ओढायची नाही, सैल करून सोडवायची. गराला नख लागलं तर तिथे सुकेळं काळं पडतं. मांडवाशेजारी बसून आम्ही केळी पालटायचो आणि त्या मला त्यांच्या घरातलं सांगायच्या. यजमानांच्या भावांना बावखलाकडची मागची पट्टी विकायची होती. बावखल बुजवून तिथे इमारत बांधायला माणूस तयार होता. यजमान मधल्या मध्ये अडकले होते. "मी ह्यांना सांगितलंय, पोरीचा कागद येऊ दे," काकी एकदा म्हणाल्या. "ती केळ येगळी निघाली तर ती पट्टी मी सोडनार नाय. साधीच निघाली तर मग कशाला धरून बसायचं, मुनवे काय कुठेपन मिळतात." हे त्या अगदी सहज बोलल्या. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या कामाचं वजन कळलं. कोणीतरी माझ्या कागदावर जमीन थांबवून धरली होती.

फेब्रुवारीत निकाल आला. एकूण एक राजेळी एकच निघाली, शिखराला शिखर जुळत होतं. लाल खुणेचा नमुनाही त्यातच. सर फारसे निराश झाले नाहीत. "एकच आहे, हेही उत्तरच आहे," ते म्हणाले, आणि अंतिम अहवालाच्या मागे लागले, कारण मार्चअखेरीला अनुदान संपत होतं. निकाल सांगायला मी होळीला गेले. काकी मांडवावरची केळी पालटत होत्या. मी म्हटलं, "काकी, सगळ्या सारख्याच निघाल्या. बावखलावरचीसुद्धा."

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "ती तू तपासलीच नाय, बाय."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. तो खुंट त्यांच्या सासूने लावलेला. सासूचा नेम होता की घड लटकत असेपर्यंत त्या खुंटाला लोखंड लावायचं नाही, घड उतरला की मग काय ते. मी गेले त्या दिवशी त्यावर दोन घड होते. "तू उन्हातनं आलेली, एक पान मागितलंस. दारात आलेल्या पोरीला पानाला नाय कसं म्हनायचं? बाजूच्या खुंटाचं कापून दिलं. म्हटलं, राजेळी ती राजेळी." तो बाजूचा खुंट नाताळापर्यंत रोगाने बसला होता. त्याचा गुच्छ झालेला शेंडा मी येता-जाता पाहिला होता.

"मग मला नंतर का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला असावा.

"तू कागदावर लिवलं होतंस ना, तूच कापलं म्हनून. म्हटलं, आता तोंड उघडलं तर सायेब तुला बोलतील. तुज्या शिक्षनाचं काय व्हायचं. घड उतरले की खरं पान आनून देनार होते तुला." आणि मग विचारलं, "बोलतील काय गं?"

"नाही हो," मी म्हणाले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकी स्वतः माणिकपूरला आल्या, पत्ता विचारत, तीन जिने चढून. घड उतरले होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरळी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही बावखलावरची. आता तपास." आईने चहा केला. दोघी गॅलरीत बसून समोरच्या चर्चच्या घंटेबद्दल, भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. जाताना काकी आईला म्हणाल्या, "पोर हुशार आहे तुमची." आई त्या दिवशी विषय बदलायला विसरली. मी पान बर्फात घालून प्रयोगशाळेत नेलं, पुडीवर तारीख घातली आणि फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं.

आता तो नमुना केंद्रात द्यायचा तर सरांची सही हवी. सही हवी तर सरांना सांगायला हवं की आधीचा नमुना चुकीचा आहे. तो चुकीचा का, तर पान मी कापलंच नव्हतं आणि तरी खाली माझी सही आहे. मग बाकीच्या चाळीस सह्यांचं काय? त्या खऱ्या होत्या, शपथेवर सांगते, पण कोण मानणार? त्याच आठवड्यात सर नव्या अनुदानाचा अर्ज भरत होते आणि त्यात पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी माझं नाव घालत होते. मी दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. दुसऱ्यांदा आतही गेले. त्यांनी माझी वही पुढ्यात घेतली होती. "इतक्या वर्षांत इतक्या स्वच्छ नोंदी मी पाहिल्या नाहीत. तुझा एकही नमुना गाळावा लागला नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "थँक यू, सर," आणि बाहेर आले.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी दुसऱ्याच कुणाचे तरी नमुने पोचवायला केंद्रात गेले होते. कर्णिक मॅडम प्लेट मोजत होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "एक खळगा रिकामा जातोय. कुणाचं काही राहिलंय का? दुपारपर्यंत आणलंत तर घालते." सहीचं त्या काही बोलल्या नाहीत. मागितली असती की नसती, मला आजही माहीत नाही. फ्रीझर दोन मजले खाली होता आणि हाताशी अख्खी सकाळ होती. मी तिथे उभी राहिले, गारठ्याने हात चोळत, आणि म्हणाले, "नाही मॅडम, आमचं सगळं झालंय."

यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि स्वतःची बाजूही पुष्कळ मांडून झालीय. मी पंचवीसची होते, घाबरले होते, बहुतेक ती केळही बाकीच्यांसारखीच निघाली असती. बहुतेक, हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधात दिसला की लाल पेनने खोडते. काकींनी मला वाचवायला चार महिने तोंड मिटून घेतलं, आणि सांगायची वेळ आली तेव्हा सांगितलं. मी मला वाचवायला तोंड मिटलं, आणि माझी वेळ काही आली नाही. मला त्याची लाज वाटते. हे लिहायला एवढी वर्षं लागली, त्याचीही वाटते.

बावखल आता नाही. मुरूम टाकून बुजवलं, त्यावर इमारत उभी राहिली, तीही आता जुनी झाली. काकींना जाऊनही बरीच वर्षं झाली. फ्रीझरमधली पुडी एका मे महिन्यात साफसफाईत गेली, मी तेव्हा सुट्टीवर होते. राजेळी वसईतून पुरती गेलेली नाही, अजून कुणी कुणी लावतं, पण रोगापुढे टिकणारी अशी कोणाकडे आहे, हे काही माझ्या कानावर आलेलं नाही. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक वाक्य आहे की वसई परिसरातल्या एकेचाळीस वाड्यांमधली राजेळी जनुकीयदृष्ट्या एकच आढळली. ते वाक्य पुढे इतरांनी आपापल्या निबंधांत घेतलंय. वाड्या चाळीसच होत्या, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी काकींचा फोन आला होता. गावातल्या पीसीओवरून केला होता, मागे रस्त्याचा आवाज येत होता. "ह्यांचे भाऊ आज संध्याकाळी बसनार आहेत कागद करायला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुला इचारून घ्यावं. निकाल आला काय गं?"

आई स्वयंपाकघरात होती. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते. अजून दोन आठवडे थांबा, एवढं म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या. त्या भावांना नाही म्हणाल्या असत्या, यजमानांना गप्प केलं असतं, आणि थांबल्या असत्या.

"आला काकी," मी म्हणाले. "तेच आलं. बाकीच्यांसारखीच आहे."

त्यांचा आवाज मोकळा झाला, जवळजवळ हलका.

"बरं झालं बाय, सांगितलंस. जिवाला लागून राहिलं होतं. सासूने लावलेली, म्हनून. आता सोडताना मनात काय राहनार नाय. माझ्यापायी तुला दोन-दोनदा तपासायला लागलं."

मी ती केळ एकदाही तपासली नव्हती.